सहाशे चाळीस तारांचा हिशोब

विनोबा भावे म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना तीन गोष्टी आठवतात: गीताई, भूदान आणि पांढरी दाढी. मलाही तेवढंच माहीत होतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी छंद म्हणून एक टकळी घेतली. पितळेची चकती, तिच्या मधून गेलेली लोखंडी काडी आणि सोबत कापसाचे थोडे पेळू, बस्स. पहिल्या संध्याकाळी तासभर बसले. हाताला आलं काय, तर वीतभर सूत. ते कुठे सुतळीसारखं जाड, कुठे केसासारखं बारीक, आणि ताण देताच तुटलेलं. हे कुणी शिकलं कसं असेल, हे शोधता शोधता मी विनोबांपर्यंत पोचले. या माणसाने टकळीवर आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली होती. त्यामुळे हा लेख विनोबांचं चरित्रच आहे, पण सुताचं टोक हातात धरून सांगितलेलं.

विनायक नरहर भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडमधल्या, गागोदे या लहानशा गावात झाला. आजोबा शंभुराव गावातच राहत. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला होते. कापड, रंग, रसायनं यांत त्यांना मनापासून रस. म्हणजे सुताचा संबंध घरात आधीपासून होता, फक्त तो प्रयोगशाळेच्या बाजूने होता. विनायक नऊ-दहा वर्षांचा असताना कुटुंब बडोद्याला गेलं आणि पुढचं सगळं शिक्षण तिथंच झालं. बडोद्यातल्या आपल्या मराठी वाचकांनी हे अभिमानाने सांगायला हरकत नाही.

आई रुक्मिणीबाई मूळच्या कर्नाटकातल्या. शिक्षण फारसं नाही, पण भजनं भरपूर पाठ. मुलावर बापाच्या शिस्तीपेक्षा आईच्या भक्तीचा ठसा जास्त उमटला. मुलगा मात्र साधा नव्हता. गणितात अतिशय हुशार, चालण्याचं वेड, वाचनालयात तासन् तास बसणारा, आणि लहान वयातच ब्रह्मचर्याचा निश्चय केलेला. एकदा तो चुलीपुढे बसून कागदाच्या गुंडाळ्या जाळत होता. आईने चौकशी केली तेव्हा कळलं, ती त्याची शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं होती. पुढे कधी गरज लागली तर, ही आईची काळजी. पण ज्या वाटेने परत यायचं नाही ती वाट बंदच केलेली बरी, असा मुलाचा हिशोब. आपण इथं सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवतो, म्हणून हा प्रसंग मला जरा जास्तच लागला.

मार्च 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईला निघाला. सुरतेला गाडीतून उतरला आणि मुंबईऐवजी काशीची गाडी धरली. घरी फक्त पत्र गेलं. काशीला संस्कृत शिकता शिकता गांधीजींच्या बनारसमधल्या भाषणाचा वृत्तांत वाचनात आला. पत्रव्यवहार झाला आणि 7 जून 1916 रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची पहिली भेट झाली. गांधीजी त्या वेळी भाजी चिरत बसले होते. देशाचा पुढारी भाजी चिरतो, हे दृश्य त्या वीस वर्षांच्या तरुणाला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगून गेलं असावं. विनायकचे विनोबा झाले ते याच आश्रमात.

आता सुताकडे येऊ. आपल्याला वाटतं की गांधीजी आणि चरखा ही जोडी पहिल्यापासूनची. तसं मुळीच नाही. आश्रमात आधी आले हातमाग. मागावर बसायचं, धोटा इकडून तिकडे फेकायचा आणि कापड विणायचं, पण सूत मात्र गिरणीचं. सुतासाठी गिरणीपुढेच हात पसरायचे, तर मग स्वावलंबन कसलं, हा प्रश्न सगळ्यांना टोचत होता. चरखा कुणी पाहिलेलाच नव्हता. शेवटी गंगाबेन मजुमदार या धाडसी बाईंनी गुजरातभर शोध घेतला आणि बडोदे संस्थानातल्या विजापूरला घराघरांत माळ्यावर पडलेले चरखे त्यांना सापडले. पेळू मिळाले तर कातायला बायका तयार होत्या. म्हणजे विनोबा जे संस्थान सोडून आले, त्याच संस्थानातून चरखा त्यांच्या मागोमाग आश्रमात आला!

विनोबांनी आश्रमात विणकामही केलं, पिंजणही केलं, कातणंही केलं. मध्ये एक वर्षाची रजा घेऊन वाईला वेदान्ताचा अभ्यास केला आणि ठरल्या दिवशी परत आले. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली. त्यांच्या आयुष्यातलं हे फार मोठं दुःख. संस्कृत गीता आईला कळत नसे, आणि आपल्याला समजेल असं काही मराठीत मुलानेच लिहावं, ही तिची इच्छा होती. ती पुढे 1930-31 मध्ये गीताईच्या रूपाने पुरी झाली, पण ते वाचायला आई नव्हती.

एप्रिल 1921 मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी विनोबांना वर्ध्याला पाठवलं, तिथला आश्रम चालवायला. इथून विनोबांच्या कातण्याला खरा रंग चढतो.

कातणं म्हणजे नेमकं काय, हे दोन ओळींत सांगते, कारण मलाही ते टकळी हाती धरेपर्यंत माहीत नव्हतं. कापसातली सरकी काढायची. रुई पिंजून मोकळी करायची. तिचे बोटाएवढे पोकळ पेळू वळायचे. पेळूचं टोक टकळीला लावून काडीला गिरकी द्यायची आणि दुसऱ्या हाताने पेळू मागे ओढत न्यायचा. गिरकीमुळे पीळ बसतो, ओढण्यामुळे सूत बारीक होतं. पीळ जास्त झाला तर सूत गुंतून गाठी पडतात, कमी झाला तर सूत सुटून येतं. या दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे, ती हाताला सापडावी लागते. मोजमाप असं: चार फूट सूत म्हणजे एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे 640 तारांची एक गुंडी. मध्यम सुताच्या एक वार कापडाला अशा तीन-चार गुंड्या लागतात.

विनोबांना देवाच्या खालोखाल गणित प्रिय होतं. त्यामुळे कातताना तार मोजणं, वेळ मोजणं, सुताचा अंक काढणं, कस पाहणं हे सगळं त्यांच्या स्वभावाला जुळणारं. टकळी उजव्या हाताने चालते तशी डाव्या हातानेही चालली पाहिजे, म्हणून त्यांनी डावा हातही तयार केला. कुठल्या बैठकीत जास्त वेळ कातता येतं, पाठ कधी दुखते, वेग कधी पडतो, सगळ्याची नोंद. पुढे कातण्याच्या शास्त्रावर त्यांनी एक छोटं पुस्तकही लिहिलं. टकळी त्यांना खास आवडे, कारण ती गरिबातल्या गरिबाला परवडते, खिशात मावते, आणि लहान मूलही शिकू शकतं.

पण या माणसाची खरी गोष्ट पुढे आहे. 1932 च्या शेवटी ते वर्ध्याजवळच्या नालवाडी या दलितवस्तीत राहायला गेले. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली होती, ती साने गुरुजींनी उतरून घेतली आणि त्यांचं पुस्तक घरोघर गेलं. नाव झालं होतं, मान होता. अशा वेळी नालवाडीत त्यांनी एक प्रयोग केला. दिवसाचे आठ-नऊ तास कातायचं आणि त्या सुताची बाजारात जी मजुरी होईल तेवढ्यातच जेवायचं. आश्रमाचा पैसा नाही, मित्रांची मदत नाही.

हा प्रयोग का केला असेल? खादीची चळवळ तेव्हा जोरात होती. शहरातली माणसं सभेत, रेल्वेत, घरी फावल्या वेळात सूत कातत. त्यांच्यासाठी ते व्रत होतं, काहींसाठी छंद, काहींसाठी फॅशनसुद्धा. पण खादी भांडारातलं बहुतेक सूत कातत होत्या खेड्यातल्या गरीब बायका, आणि त्यांना दिवसभराच्या कामाचे जे पैसे मिळत त्यात एका माणसाचंही पोट धड भरत नव्हतं. आपण ज्या कामाचे गोडवे गातो, त्या कामावर माणूस जगू शकतो का? विनोबांनी या प्रश्नावर लेख लिहिला असता तरी चाललं असतं. त्यांनी उत्तर आपल्या शरीरावर काढलं.

उत्तर काही चांगलं आलं नाही. इतका तरबेज माणूस, इतका वेगवान हात, तरी मजुरीत जेमतेम भागेना. तब्येत ढासळली. याच काळात, 1935 मध्ये, चरखा संघानेही गांधीजींच्या सांगण्यावरून ठरवलं की कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या चांगल्या कामाबद्दल किमान अन्नवस्त्रापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. त्याने खादी महाग झाली, गिऱ्हाईक कुरकुरलं, पण निर्णय टिकला. माझ्या मते खादीच्या सगळ्या इतिहासात हा सर्वांत प्रामाणिक क्षण आहे, कारण इथं कपड्याची किंमत घालणाऱ्याकडून नाही, कातणाऱ्याकडून मोजली गेली.

आपल्याला इथं संत पौल आठवल्याशिवाय राहत नाहीत. सुवार्ता सांगत हिंडणारा हा प्रेषित तंबू बनवून पोट भरायचा, कुणावर भार नको म्हणून. विनोबांना बायबल परकं नव्हतं. सगळ्या धर्मांच्या ग्रंथांचा त्यांनी मुळातून अभ्यास केला, कुराणाचं सार काढलं, तसं ‘ख्रिस्तधर्म-सार’ही संकलित केलं. धर्मग्रंथ वाचणारे पुष्कळ असतात. पण वाचलेलं हाताच्या कामात उतरलं का, हे तपासून पाहणारे थोडे.

प्रकृती फारच बिघडली तेव्हा, 1938 मध्ये, गांधीजींच्या आग्रहामुळे विनोबा पवनारला धाम नदीकाठच्या जमनालालजींच्या बंगल्यात राहायला गेले. तेच परंधाम. तिथं थोडं खोदकाम, थोडं चालणं, मोकळी हवा, आणि प्रकृती सुधारली. त्याआधी 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती आणि मुलांना हाताच्या कामातून शिकवायची नई तालीम पुढे आली. त्या योजनेत कातणं हा मुख्य उद्योग, आणि ती आखणाऱ्या झाकिर हुसेन समितीत विनोबाही होते. तारा मोजता मोजता गणित, कापसावरून भूगोल, खादीवरून इतिहास, अशी ती कल्पना. ती सगळीकडे नीट राबवली गेली नाही, आणि पुष्कळ शाळांत तिचं रूप नुसती टकळी फिरवण्याच्या तासापुरतं उरलं. कल्पना चांगली असून शिक्षक तयार नसेल तर काय होतं, याचं हे उदाहरण.

17 ऑक्टोबर 1940 रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांना निवडलं. लोकांनी विचारलं, हे कोण? तोपर्यंतची वीस वर्षं ते गाजावाजा न करता आश्रमाच्या कामात गढले होते. 1942 नंतर तुरुंगात गेलेली वर्षं त्यांनी दक्षिणेतल्या चारही भाषा शिकण्यात घालवली. त्यातली तेलुगू लवकरच उपयोगी पडणार होती.

आणि इथं विनोबा आपल्या हैदराबादला येतात. मार्च 1951 मध्ये ते वर्ध्याहून पायी निघाले आणि शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पोचले. शिवरामपल्ली आता शहरातच आली आहे, आपण तिच्यावरून बसने जातो. तेलंगणात तेव्हा कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा, पोलिसांची दडपशाही, जमीनदारांची भीती असं सगळं पेटलेलं होतं. संमेलन संपल्यावर विनोबा त्याच भागात पायी गेले. 18 एप्रिलला नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली. विनोबांकडे जमीन कुठली? त्यांनी संध्याकाळच्या सभेत गावालाच विचारलं, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी उभे राहिले. त्यांनी 100 एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं.

पोचमपल्ली आज आपल्याला ठाऊक आहे ती इकतच्या साड्यांसाठी. सूत विणण्याआधीच बांधून रंगवायचं आणि मग मागावर नक्षी अशी जुळवायची की रंगाच्या कडा किंचित पुसट दिसतात. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर गावोगाव ताणे लावलेले दिसतात. टकळीचा हा माणूस आयुष्याच्या सगळ्यात मोठ्या कामाला सापडला तो विणकरांच्या गावात, हा योगायोग आहे. पण गावाच्या नावामागे आता भूदान हा शब्द लागलाय, भूदान पोचमपल्ली.

पुढची तेराएक वर्षं विनोबा चालत होते. सबंध देश पायी. चाळीस लाख एकरांच्या वर जमीन दान म्हणून जाहीर झाली. त्यातली पुष्कळशी खडकाळ, वादात अडकलेली किंवा नुसतीच कागदावरची निघाली. वाटप बऱ्याच ठिकाणी झालंच नाही. हे लपवून चरित्र लिहिण्यात अर्थ नाही. तरी कायद्याची भीती न दाखवता, नुसतं मागून एवढी जमीन कुणाला मिळाल्याचं दुसरं उदाहरण शोधायला गेलं तर सापडत नाही.

सूत याही काळात सुटलं नाही. गांधीजींच्या अस्थिविसर्जनाच्या दिवशी, 12 फेब्रुवारीला, प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करायची, ही सूतांजलीची कल्पना विनोबांची. पैसे नकोत, हार नकोत, 640 तार द्या. श्रीमंतालाही एकच गुंडी, गरिबालाही एकच. विकत आणून दिलेली चालायची नाही. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिच्यात वेळ द्यावा लागतो, आणि वेळ सगळ्यांकडे दिवसाला सारखाच असतो.

1959 मध्ये पवनारला त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. साधना, शरीरश्रम आणि सामुदायिक निर्णय यांवर चालणारा बहिणींचा आश्रम. आपल्याकडे कॉन्व्हेंट पाहून मोठ्या झालेल्या मुलींना त्यात नवल वाटणार नाही, पण ज्या परंपरेत संन्यास बहुतेक पुरुषांचाच मानला जाई, तिथं हे मोठं पाऊल होतं.

शेवटची वर्षं वादाची गेली. 1975 मध्ये आणीबाणी आली तेव्हा विनोबा वर्षभराच्या मौनात होते. त्यांनी ठाम विरोध केला नाही. उलट त्यांच्या एका शब्दप्रयोगाचा सरकारने स्वतःच्या समर्थनासाठी वापर केला. भूदानासाठी जीवन वाहिलेले जयप्रकाश नारायण त्या वेळी कैदेत होते. विनोबांचे कितीतरी साथी दुखावले, आणि ती जखम शेवटपर्यंत भरली नाही. नोव्हेंबर 1982 मध्ये ते आजारी पडले, आणि आपली वेळ झाली असं मानून त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं. 15 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पवनारला त्यांनी देह ठेवला. प्रायोपवेशनाची ही वाट कॅथलिक म्हणून मला माझ्या श्रद्धेत बसवता येत नाही, तसं मी उगाच म्हणणारही नाही. पण ते निराश होऊन गेले नाहीत, शांतपणे गेले, एवढं दिसतं. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आलं.

आता माझ्या टकळीचं. सुट्टी संपली तरी मी ती सोडली नाही. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास बसते. सूत अजून जाडंभरडंच आहे, पण तुटत कमी आहे. तासाला वीसेक तार होतात. हिशोब केला: एका गुंडीला बत्तीस तास, आणि एक वार कापडाला शंभर तासांच्या आसपास, तेही नुसतं कातायला. पिंजणं आणि विणणं वेगळंच. घरी आईने विचारलं की याचं करणार काय. मला उत्तर सुचलं नाही.

आता थोडं सुचतंय. माझ्यासाठी हा छंदच आहे, त्यावर माझं जेवण अवलंबून नाही, आणि विनोबांनी केलं ते मी करतेय असं म्हणणं खोटं ठरेल. पण मागच्या महिन्यात हातमागाच्या प्रदर्शनात मी एका साडीच्या किमतीवर घासाघीस करणार होते. साडीचा पदर बोटांत घेतला, आणि त्यात किती तास असतील याचा अंदाज मनात आपोआप सुरू झाला. तोंडाशी आलेला भाव मी गिळला. परवडत नव्हती म्हणून घेतली नाही, पण कमी करा असंही म्हटलं नाही.

येत्या 12 फेब्रुवारीपर्यंत माझी एक गुंडी पुरी व्हायला हवी. आजपर्यंत 410 तार झालेत.